हिवरमाळावरची हरकत

नगर, १४ जून

प्रिय ईरा,

तुझा डेहराडूनचा पत्ता तुझ्या आईंकडून घेतला. त्यांनी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फोन केला असता तर तुला तो उचलावा लागला असता, नाहीतर न उचलल्याची रुखरुख लागली असती. पत्राचं तसं नसतं. फोडलं नाही तरी ते निमूट टेबलावर पडून राहतं.

कामाचंच लिहिते. केडगावच्या पुढच्या आपल्या हिवरमाळ निसर्ग उद्यानाच्या फाटकावर नवी पाटी लागली आहे. ‘सुशोभीकरण व घनवन निर्मिती.’ पाटीवर गावाचं नाव अहिल्यानगर आहे, रिक्षावाला अजून नगरच म्हणतो. खाली रंगीत चित्र. चित्रात कारंजं आहे, लाल फरशीची वाट आहे आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना जी झाडं आहेत ती कुठल्या जातीची, हे मला ओळखता आलं नाही. बहुधा ती संगणकातच उगवत असावीत. गवतही आहे, पण कापलेलं.

तू माझ्या अनीशला घटस्फोट देऊन हे घर सोडून गेलीस तेव्हा माझं माळावर जाणंही थांबेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. थांबलं नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी दुसरं करायचं काय? सिटी बसने केडगाव, तिथून चालत. सध्या सगळा माळ पिवळा आहे. गवताचे नुसते ठोंब उरलेत, पाहणाऱ्याला जमीन मेली आहे असं वाटावं. तरवड तेवढा फुलला आहे. ओढ्याला पाणी नाही, पण करंजांखाली गारवा आहे. रस्त्याकडेच्या वेड्या बाभळी नेहमीसारख्या हिरव्यागार. त्यांना कसलंच सोयरसुतक नसतं.

उद्यानात हल्ली आक्काबाई नावाची एक बाई रोजंदारीवर आहे. फाटकाजवळच्या रोपांना पाणी घालते. पाटी वाचून दाखवा म्हणाली, म्हणून मी वाचून दाखवली.

“म्हंजे समदीकडं झाडं?” तिने विचारलं.

“असं लिहिलंय.”

“लई झ्याक हुईल की मग, बाई. हितं उन्हाचं टेकायला जागा न्हाई.”

मी तिला माळाबद्दल काही सांगायला गेले, पण तिला बादल्या भरायच्या होत्या.

तुला लिहिण्याचं कारण हे. तू गवताच्या अभ्यासासाठी त्या माळावर सहा पावसाळे काढलेस. माळावर दाट झाडं लावणं चूक आहे, हे मला तुझ्यामुळे कळतं. पण का चूक आहे, हे एखाद्या साहेबाला पटेल असं मांडता येत नाही. सवड झाली तर मुद्दे कळव.

अनीश बरा आहे. त्याला एक मोठं काम मिळालं आहे. त्याविषयी पुढे कधीतरी.

प्रेमला

*

नगर, ९ जुलै

प्रिय ईरा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून बसलेही नव्हते.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मीच ठेवली. हिवरमाळाचं काम अनीशलाच मिळालं आहे. पाटीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं आहे. मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं, आक्काबाईला वाचून दाखवताना तेवढं गाळलं.

तो जेवत होता, मी पोळ्या करत होते.

“हिवरमाळाचं काम कुणाला मिळालं रे?” मी विचारलं.

“मला. सांगणारच होतो.”

“काय करणार आहेस तिथे?”

“झाडं लावणार आहे, आई. लोक झाडं तोडतात म्हणून तू ओरडत असतेस. इथे मी लावतोय.”

“कुठे लावणार?”

“सगळीकडे.”

“वर माळावरसुद्धा?”

“माळावर काय आहे? गवत.”

हे तो ज्या तऱ्हेने म्हणाला त्यावरून मला कळलं, की तो माझ्याशी बोलत नव्हता. मी तव्यावरची पोळी उलटली. तो उठून हात धुऊन आला आणि अगदी समजूतदारपणे त्याने मला सगळं सांगितलं. खाली रस्त्याच्या बाजूला घाणेरी आणि वेडी बाभूळ माजली आहे, ती काढायचीच. वर मुरूम आणि माती टाकून सपाटी करायची, फरशी घालायची, बाकं ठेवायची, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना बसून सूर्यास्त पाहता येईल. “तुझ्यासारख्यांना,” असं म्हणाला. त्यात काही खोटं नव्हतं. खालच्या बाजूबद्दल तर त्याचं बरोबरच आहे. तूही त्या घाणेरीला शिव्या घालायचीस.

मी त्याला एवढंच म्हटलं, की वरचा माळ सोड. तो म्हणाला, नकाशा मंजूर झालेला आहे.

मध्यंतरी त्याच्यासाठी श्रीगोंद्याहून एक स्थळ आलं होतं. मुलगी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, फोटोत शांत वाटली. पत्रिका जमत नाही असं मी कळवून टाकलं. पत्रिका मी उघडलीही नव्हती. हे तुला का सांगते आहे ठाऊक नाही. खोडणार होते, पण खोडलेलं वाचायचा तू जास्त प्रयत्न करशील.

ओढा वाहू लागला आहे. निर्गुडीला नवी पालवी आली आहे. वर गवत बोटभर झालंय.

प्रेमला

*

नगर, १७ ऑगस्ट

प्रिय ईरा,

तुझं पत्र मिळालं. विचारपूस एका ओळीत आणि बाकी दीड पान मातीच्या खोलीवर. वाचून बरं वाटलं. संबंध बिघडलेली माणसं फार लांबलचक विचारपूस करतात.

तुझे मुद्दे मी माझ्या भाषेत लिहून काढले आहेत. माळावर माती जेमतेम वीतभर, खाली खडक. झाडं लावायची तर खडक फोडून बाहेरची माती भरावी लागेल. झाडं जगली तर सावली पडेल आणि सावलीत हे गवत राहत नाही. गवत गेलं की चंडोल जातो, धाविक जातो, जमिनीवर अंडी घालणारं सगळंच जातं. आणि झाडं जगली नाहीत तर खड्डे राहतात. बरोबर आहे ना?

आता घडलं ते सांगते. या महिन्यात वरच्या खडकावर खरपुडी फुलली होती. तीच जागा, जिथे एका सकाळी आपण दोघी पालथ्या पडून भिंगातून बघत होतो आणि अनीश आपल्यावर छत्री धरून उभा होता. कंदिलाच्या आकाराचं ते हिरवट फूल, आत शिरलेली माशी रात्रभर कोंडून ठेवणारं. सकाळी आतले केस सुकून वाट मोकळी होते आणि माशी परागकण घेऊन बाहेर पडते. तुला ते बाहेर पडणं टिपायचं होतं. अनीश कंटाळून घरी जायचं का म्हणून विचारत होता आणि नेमकी तेव्हाच ती माशी बाहेर आली.

गेल्या मंगळवारी मी वर पोचले तेव्हा पोकलेन आलं होतं आणि एक टिपर त्या खडकावर मुरूम ओतत होता. निम्मा खडक झाकला गेला होता. मी चालकाला थांबायला सांगितलं. तो म्हणाला, “सायबांना इचारा.” म्हणून मी तिथेच उभी राहून साहेबांना फोन लावला.

“आई, तू मशीनजवळ आहेस का?” अनीशने आधी हेच विचारलं.

“हो.”

“बाजूला हो. आधी बाजूला हो.”

“मुरूम थांबव, मग होते.”

“थांबवतो. सांगतो त्याला. तू तिथून हल बघू.”

त्याने थांबवलं. चालक इंजिन बंद करून डबा खायला बसला, मीही एका दगडावर बसले. अनीश येईल असं वाटलं होतं. तो आला नाही.

त्या आठवड्यात वर्तमानपत्रात जाहीर सूचना होती: सदर कामाबाबत कुणाच्या हरकती असल्यास लेखी द्याव्यात. मी दिली. कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

“प्रेमला विष्णुपंत निसळ. ठेकेदारही निसळच आहेत. नात्यातले का?”

“मुलगा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “मग घरीच बोलून घ्या की, बाई.”

“घरी बोलून झालंय. शिक्का मारा.”

शिक्का मारताना तो हसत नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

बाकी ठीक. अनीशने केडगावला खोली घेतली आहे, कामाला जवळ पडतं म्हणून. भाजीचा अंदाज माझा अजून चुकतो आणि एकच भाजी दोन्ही वेळेला खावी लागते. बाकी काही अडत नाही.

प्रेमला

*

नगर, २१ सप्टेंबर

प्रिय ईरा,

हरकतीची सुनावणी झाली.

सकाळपासून पाऊस लागला होता. मी छत्री घेऊन दारात रिक्षाची वाट पाहत उभी होते, तेवढ्यात अनीशची गाडी आली. महिन्याभरात पहिल्यांदाच तो घरी येत होता. उतरला नाही, आतूनच दार उघडलं.

“रिक्षा मिळणार नाही. बस.”

“मी तुझ्याविरुद्ध बोलायला चालले आहे.”

“माहितीये मला. मीही तिकडेच चाललोय. बस, भिजतेस.”

त्याची फाईल मागच्या सीटवर होती, माझी मांडीवर. आम्ही वेळेच्या बरेच आधी पोचलो, म्हणून समोरच्या टपरीवर चहा घेतला. माझा चहा बिनसाखरेचा आला. मी सांगितलं नव्हतं, म्हणजे त्याने सांगितलं असणार. साखरेचं औषध मला उन्हाळ्यात सुरू झालं. काळजीसारखं नाही.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई तरुण होत्या, तुझ्याहून लहानच. आधी फिरायला येणाऱ्या मंडळींचे एक गृहस्थ बोलले. त्यांना फरशी हवी होती, शिवाय दिवे. मग अनीश बोलला. चांगलं बोलला, ईरा. आवाज न चढवता, नकाशा दाखवत. मग आक्काबाई उभी राहिली. ती येणार हे मला ठाऊक नव्हतं.

“झाडं लावली तर पानी घालाया बाया लागत्याल,” ती म्हणाली. “आमच्या गल्लीतल्या धा-बारा जनींना काम मिळंल. गवताला कोन पानी घालतंय?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “राग मानू नगा, बाई. तुमचं आसंल बराबर. पन आमचंबी हाय.”

मला राग आला नाही. तिचंही खरं होतं.

मग माझं नाव पुकारलं. मातीची खोली, पाणी मुरणं, पक्षी, सगळं पाठ करून गेले होते. एवढी वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई मी. उभी राहिले आणि एकही मुद्दा आठवेना. खोलीतले सगळे वाट पाहत होते. अनीशने खाली मान घातली होती. माझी फजिती होऊ नये असं त्याला वाटत होतं, हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं.

“तुम्ही एकदा येऊन बघा,” मी म्हणाले. “पुढच्या महिन्यात या. गवत तेव्हा पुरतं वाढलेलं असतं.” आणि बसले. माझी हरकत एवढीच झाली.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “स्थळपाहणी करू,” त्या म्हणाल्या. “तोपर्यंत वरच्या भागात काम करू नका, मिस्टर निसळ.”

परत येताना गाडीत आम्ही दोघं पावसाबद्दल बोललो. त्याने मला दारापर्यंत सोडलं. आत ये म्हटलं तर म्हणाला, साइटवर माणसं थांबली आहेत. त्या पावसात कसली माणसं?

तुझी पत्रं मला येतात हे अनीशला माहीत आहे का, असं तू विचारलं आहेस. मी सांगितलेलं नाही. लपवलंही नाही. तुझं पाकीट टेबलावर असतं.

प्रेमला

*

नगर, १३ ऑक्टोबर

प्रिय ईरा,

हे पत्र जरा मोठं होईल.

स्थळपाहणी काल झाली. अधिकारी बाई सकाळी आल्या, सोबत नकाशा धरायला एक माणूस. अनीश होता, मी होते, आक्काबाई फाटकापाशी होती. खालच्या बाजूला घाणेरीत शिरून बाईंनी लगेच सांगितलं, की हे काढायलाच हवं. कुणाचीच ना नव्हती. ओढ्याला अजून पाणी आहे. जुन्या दगडखाणीत पाणकणसं माजली आहेत आणि तिथे बगळे होते. बाईंनी त्यांचे फोटो काढले. खाणीवरून चढ चढताना त्या दमल्या आणि थोड्या वैतागल्या. ओढणीला, सलवारीला कुसळं टोचत होती. एक कुसळ ओढून काढत म्हणाल्या, “मॅडम, यासाठी भांडताय तुम्ही?”

“यासाठीही,” मी म्हटलं.

मग आम्ही वर आलो. तुला माळ माहीतच आहे, पण तू नसताना यंदा तो फार चांगला झाला. गवत कमरेला लागत होतं. पवन्या तांबूस पिकला होता, वारा आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळा माळ वाकायचा. मधे हिवराची सुटी सुटी झाडं. चंडोल उंच जाऊन गात होता. बाईंनी पायाजवळचं एक जांभळं-निळं फूल दाखवून मला नाव विचारलं.

मला आठवेना. ते फूल मी शेकडो वेळा पाहिलेलं. तू मला आणि मी माझ्या शाळेतल्या पोरींना शिकवलेलं. सुनावणीला झालं तेच पुन्हा. मला वाटलं, संपलं आता.

“नभाळी,” मागून अनीश म्हणाला.

बाई वळल्या. “आणि हे?”

“पांढरी मुसळी. फुलून गेलीये. फळं धरलीत बघा.”

“हे गवत?”

“हा पवन्या. तो मारवेल, गुरं आधी मारवेल खातात. तुमच्या ओढणीला आहे ते कुसळी गवत. ते ओलं झालं की पिळा सुटतो आणि बी आपणच जमिनीत रुततं. ती कळलावी, हात लावू नका, कंद विषारी असतो.”

एवढ्यावर त्याने थांबायला हरकत नव्हती. बाईंनी पुढे काही विचारलंही नव्हतं. पण तो चालू लागला आणि आम्ही त्याच्या मागून. चालता चालता तो सांगत होता. शतावरीचा वेल, बोरीच्या जाळीत सशाचं बसायचं ठिकाण, धाविक कुठे अंडी घालतो ती उघडी जागा. तुझे शब्द होते, ईरा. “घालतो म्हणजे, घालायचा तरी,” असं मधेच थांबून दुरुस्त करणं, तेही तुझंच. मला तो सहा पावसाळे कंटाळलेला वाटत होता. छत्री धरून उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काम नसतं, तो ऐकत असतो.

तो मुरुमाच्या ढिगापाशी येऊन थांबला.

“इथे खरपुडी होती,” तो म्हणाला. “आता मुरूम आहे. मीच टाकलाय.”

बाईंनी विचारलं, “तुम्हाला हे सगळं आधीपासून माहीत होतं?”

“हो.”

“मग हे काम कशाला घेतलंत?”

“टेंडर निघालं होतं, मॅडम.”

बाईंनी नकाशावर पेनाने एक रेघ ओढली. कुठे ओढली ते मला उभी होते तिथून दिसलं नाही.

घरी सोडताना अनीशने गाडी केडगावच्या वेशीजवळ बाजूला घेतली. टायर बघायला थांबला असेल असं मला वाटलं. तो समोर बघून म्हणाला, “मी रोज पुण्याच्या रस्त्याने जातो, आई. रोज ते टेकाड दिसतं. वाटलं, एकदाची झाडं लावून टाकावीत. मग दिसायचं नाही.”

काय दिसायचं नाही, ते मी विचारलं नाही. त्याच्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं होती. ती मी एकेक काढत बसले आणि त्याने मला काढू दिली. मग आम्ही घरी आलो. तो जेवला नाही, पण चहा घेतला.

हे तुला कळवावं की नाही याचा मी एक दिवस विचार केला. त्याने सांगू नको म्हटलं नव्हतं, सांग असंही म्हटलं नव्हतं. त्याच्या परवानगीशिवाय लिहीत आहे. यावर तू काही करावंस असं मुळीच नाही.

प्रेमला

*

नगर, ३० नोव्हेंबर

चि. सौ. कां. ईरा हिस, अनेक आशीर्वाद.

आधी माळाचं, कारण ते सोपं आहे.

निकाल लागला. खाली रस्त्यापासून ओढ्यापर्यंत झाडं लावायची. तीही इथलीच, कडुनिंब, करंज, आपटा, बहावा. वरचा माळ आहे तसा ठेवायचा, बाकं आणि फरशी रद्द. कारंजं मात्र होणार आहे, फाटकापाशी. एवढं सोसायला हवं. आक्काबाई आणि तिच्या गल्लीतल्या बायकांना काम लागलं आहे. पहिलं काम त्या खडकावरचा मुरूम काढायचं. अनीशने यंत्र लावलं नाही. बायका हाताने मुरूम भरतात आणि घमेली खाली वाहून नेतात.

“टाकाया एक दिस आन् काढाया म्हैना,” आक्काबाई मला म्हणाली. “तुमच्या पोरानं आमची सोय केली, बाई.” ती हे चिडवायला म्हणाली की मनापासून, मला सांगता येणार नाही. मग तिने विचारलं, “सून कुठं आसती तुमची?”

“डेहराडूनला,” मी म्हणाले. तेव्हा मला दुसरं उत्तर माहीत नव्हतं.

अनीशने केडगावची खोली सोडलेली नाही, पण रविवारी जेवायला येतो. गेल्या रविवारी मी आमटीची डाळ चढवली होती आणि तो ओट्यापाशी स्टूल ओढून बसला होता.

“ईराचा फोन आला होता,” तो म्हणाला.

मी डाळ ढवळत राहिले. “काय म्हणाली?”

“मुरूम फावड्याने ओढू नका म्हणाली. कंद वरच असतात, तुटतात. हाताने काढा.”

“बरं.”

“खूप वेळ बोललो. भांडलो नाही.” मग म्हणाला, “ती लग्न करतेय, आई. फेब्रुवारीत. कल्याण नाव आहे. तिच्याच संस्थेत आहे, शेवाळांवर काम करतो.”

“शेवाळांवर?”

“हो. मीही हेच विचारलं.” आणि तो हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला. “मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं थोडं. पण तिने स्वतः फोन करून सांगितलं, ते बरं केलं. दुसऱ्याकडून कळलं असतं तर…”

डाळ करपली होती. मी पातेलं उतरवलं आणि त्याला म्हटलं, आज पिठलं खावं लागेल. त्याने पिठलं खाल्लं आणि तो गेल्यावर मी करपलेलं पातेलं घासायला घेतलं. पुष्कळ घासलं.

जूनपासून मी तुला माळासाठी लिहीत होते. ते खरंच आहे. पण तेवढंच खरं नव्हतं, हे मला त्या दुपारी कळलं. मी अनीशसाठी एक मुलगी पाहायचीही नाकारली, तुझी खोली झाडून ठेवत राहिले आणि मनाला सांगत राहिले की आपला मुद्दा गवताचा आहे. तू मला कुठेही तसं सुचवलं नव्हतंस, हे मी तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचून पाहिलं. तेव्हा तुझ्याकडून चूक नाही. तुला अवघडायचं कारण नाही. श्रीगोंद्याच्या मुलीचं जमलं का, याची मी चौकशी केली. तिचं जमलंय.

वर मायना काय लिहिला ते तू पाहिलंस. मुलीकडची माणसं असं लिहितात. मला मुलगी नाही, त्यामुळे हा मायना लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. बरोबर लिहिलाय ना, ते एकीला फोन करून विचारून घेतलं.

आता मुद्द्याचं. लग्नासाठी तू पुण्याला आईंकडे येशीलच. तिथून नगर किती लांब? एक दिवस काढून ये. मला तुझं केळवण करायचं आहे. सासूने आधीच्या सुनेचं केळवण केल्याचं आमच्या नात्यात कुणी ऐकलेलं नाही, पण नियम कुठे लिहिलेला आहे का? तसं मी कुणाला विचारणारही नाही. पुरण करीन. केळवणाला कुणी करत नाही, पण तुला आवडतात म्हणून हुलग्याचे शेंगोळेही करीन. कल्याणला आणायचं असेल तर आण. शेवाळांबद्दल मला काहीच माहीत नाही, तो सांगेल. फेब्रुवारीत माळावर बघण्यासारखं काही नसतं, हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा माळ दाखवायला बोलावते आहे असं समजू नकोस. जेवायला बोलावते आहे.

अनीशला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “चांगलं आहे. मी त्या दिवशी श्रीगोंद्याच्या साइटवर जाईन.” मी बरं म्हटलं. तो चपला घालून बाहेर गेला, पुन्हा आत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“जेवायला थांबलो तर तिला चालेल का?” तो म्हणाला. “तिला विचार. उगीच माझ्या मनाने नको ठरवूस.”

म्हणून विचारते आहे. नको म्हणालीस तरी तसं मोकळेपणाने कळव. त्याच्यासाठी शेंगोळे डब्यात भरून ठेवता येतील.

प्रेमला